दहाव्या वाढदिवसाच्या आधी

दरवर्षी ३१ मे हा दिवस उजाडला की तंबाखूविरोधी दिन पाळण्याचा एक सरकारी सोपस्कार पार पडतो. मंत्रिमहोदय संदेश देतात, एखाद्या सभागृहात शपथ घेतली जाते, आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे येतात. या दिवसाचा मुहूर्तच असा, की तेव्हा आपल्याकडे शाळांना मे महिन्याची सुट्टी असते. ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, ती मुले त्या वेळी आजोळी आंबे-फणसांचा समाचार घेत असतात किंवा किनाऱ्यावर क्रिकेट खेळत असतात. पुढे शाळा उघडल्यावर कोणा उत्साही मुख्याध्यापकाच्या मनात आले, तर आठवी-नववीच्या मुलांची चित्रकला स्पर्धा होते. मुले कवटी काढतात, कवटीच्या दातांत सिगारेट खोचतात आणि बक्षिसे घेऊन घरी जातात. या सोपस्काराची टवाळी करण्याचा आमचा हेतू नाही. काहीच न होण्यापेक्षा कवटी बरी. परंतु हा उपदेश ज्या वयाला उद्देशून केला जातो ते वयच चुकलेले आहे, असे आता आकडे सांगू लागले आहेत. आणि त्या आकड्यांकडे गोव्याने काणाडोळा करावा, अशी आपली स्थिती खचित नाही.

केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१९ साली जागतिक युवक तंबाखू सर्वेक्षणाची चौथी फेरी पार पाडली. देशभरातील ९८७ शाळांतील ९७,३०२ विद्यार्थ्यांनी तीत भाग घेतला. तेरा ते पंधरा या वयातील ८.५ टक्के विद्यार्थी कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखूचे सेवन करीत असल्याचे तीत दिसून आले. २००९ साली हेच प्रमाण १४.६ टक्के होते. दहा वर्षांत झालेली ही घट समाधानकारक आहे आणि तिचे श्रेय ज्याचे त्यास दिलेच पाहिजे. मात्र त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, ज्याची वाच्यता फारशी कोणी केली नाही. सिगारेट ओढलेल्या मुलांपैकी ३८ टक्के, विडी ओढलेल्यांपैकी ४७ टक्के आणि तंबाखू चघळणाऱ्या वा दातांना लावणाऱ्या मुलांपैकी ५२ टक्के मुलांनी तिची पहिली चव आपल्या दहाव्या वाढदिवसाच्या आधी घेतली होती.

वाचकांनी क्षणभर थांबून या आकड्याचा अर्थ लावावा. दहावा वाढदिवस म्हणजे इयत्ता चौथी-पाचवीचा उंबरठा. ज्या मुलाला अजून पाढे धड पाठ झालेले नाहीत, ज्याचे दुधाचे दात पडून पुरते सरलेले नाहीत, ते मूल. आपण मात्र त्याला कवटी काढावयास लावतो ती आठवीत. म्हणजे रोगी दवाखान्यातून घरी गेल्यावर वैद्यबुवा पथ्य सांगावयास निघाले, त्यातला हा प्रकार आहे.

हे लवकर सुरू होणे केवळ नीतीच्या दृष्टीने खटकणारे आहे असे नव्हे. इंग्लंडमध्ये रिचर्ड डॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५१ पासून पन्नास वर्षे ३४,४३९ पुरुष डॉक्टरांचा पाठपुरावा केला. आयुष्यभर सिगारेट ओढणारा मनुष्य सरासरीने दहा वर्षे आधी जातो, हा त्यांचा २००४ सालचा निष्कर्ष. त्याच अभ्यासात, तिशीत जो ही सवय सोडतो तो जवळजवळ सारी दहा वर्षे परत मिळवितो, असेही आढळले. तेव्हा प्रश्न सोडण्याचा आहे. आणि सोडणे कोणाला अवघड जाते, तर ज्याने कोवळ्या वयात धरले त्याला. निकोटीन मेंदूपर्यंत पोहोचावयास काही सेकंद पुरतात, आणि मेंदूची जडणघडण तर विशी ओलांडल्यावरही चालूच असते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील बारा-तेरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर झालेल्या अभ्यासात असे दिसले, की रोज ओढण्याची पाळी येण्याच्या पुष्कळ आधी, अधूनमधून ओढणाऱ्या मुलांतही व्यसनाची लक्षणे दिसू लागतात. ‘एखादे वेळी ओढले म्हणून काय बिघडते?’ हा मोठ्यांचा युक्तिवाद मुलांच्या बाबतीत टिकत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येईल, तो आम्ही आधीच मांडतो. हे सारे देशाचे आकडे झाले, गोव्याचे काय? गोव्याचे चित्र दिसावयास गोजिरे आहे यात वाद नाही. २००० ते २००४ या काळात राज्याराज्यांत विद्यार्थ्यांची जी पाहणी झाली, तीत तंबाखू सेवन करणाऱ्या विद्यार्थ्यांचे प्रमाण नागालँडमध्ये ६२.८ टक्के, तर गोव्यात अवघे ३.३ टक्के, म्हणजे सर्वांत कमी निघाले. प्रौढांच्या सर्वेक्षणातही आपला क्रम तळाचाच, म्हणजे या बाबतीत मानाचा. २०१६-१७ च्या पाहणीत गोव्यातील ९.७ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करणारे होते. देशाचा आकडा २८.६ होता. हे वाचून आपली छाती फुगते. पण मागचा आकडा काढून पाहिला तर काय दिसते? २००९-१० साली देशाचे प्रमाण ३४.६ टक्के होते, ते सात वर्षांत सहा टक्क्यांनी खाली आले. गोव्याचे ८.८ होते, ते ९.७ झाले. ही वाढ किरकोळ आहे, पाहणीच्या चूकभुलीत सहज सामावेल इतकी. परंतु सारा देश पायऱ्या उतरत असताना आपण जागच्या जागी उभे आहोत, एवढे तरी त्यातून निश्चित दिसते. परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलाचा अभ्यास जसा पुढच्या वर्षी सुटतो, तसे आपले झाले आहे.

दुसरे असे, की तंबाखू हा गोव्यातला कालपरवाचा पाहुणा नव्हे. ही वनस्पती हिंदुस्थानात आणली तीच मुळी पोर्तुगिजांनी, आणि सतराव्या शतकापासून तंबाखूचा मक्ता हे त्यांच्या इथल्या तिजोरीचे एक भक्कम साधन होते. १९६१ साली पोर्तुगीज गेले, त्यांनी आणलेले पीक मात्र आपल्या पानाच्या तबकातच राहिले. १९७६ साली मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी गोव्यातील ५,४४९ ग्रामस्थांच्या तोंडांची तपासणी केली होती. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आपल्याकडची धुमटी, म्हणजे फणसाच्या पानात तंबाखू गुंडाळून केलेली शंकूसारखी विडी. आणि तीही काही जण पेटते टोक तोंडात धरून ओढत, त्याचे परिणाम ते पाहत होते. धुमटी आज दिसत नाही म्हटले तरी चालेल. मिशेरी मात्र कोकणातल्या घरांतून अजून पुरती हद्दपार झालेली नाही. तव्यावर भाजून, कुटून केलेली ही तंबाखूची पूड सकाळी दातांना लावताना आजीबाईंच्या पदराला धरून जे नातवंड उभे असते, त्याचे बोट कधी त्या डबीत गेले नसेल असे कोणी छातीठोकपणे सांगावे. पुढे नळीत भरलेली तंबाखूयुक्त दंतपेस्ट बाजारात आली आणि ती गोव्यातही चालली. १९९२ साली केंद्र सरकारने दंतमंजन व दंतपेस्ट यांत तंबाखू घालण्यास बंदी केली. कारखानदार न्यायालयात गेले, आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. तोवर कित्येक मुलांची सकाळ दात घासण्याच्या निमित्ताने तंबाखूने सुरू होऊन गेली होती. चघळणाऱ्या मुलांत दहाव्या वर्षाआधी सुरुवात करणारे निम्म्याहून अधिक का, याचे उत्तर शाळेच्या कुंपणाबाहेरच्या गाड्यावर जितके आहे तितकेच ते आपल्या न्हाणीघरात आणि माजघरात आहे.

याच ठिकाणी आम्ही एक अप्रिय गोष्ट बोलणार आहोत. मुलाचे पहिले आरोग्यशिक्षण कोठे होते? पुस्तकात नव्हे. ‘बाळ, जा रे, नाक्यावरच्या पोसऱ्यावरून दोन सिगारेटी घेऊन ये, उरलेल्या पैशांचे चॉकलेट घे’ हा तो पहिला धडा. सात वर्षांचे मूल उड्या मारीत जाते. पोसरकार ओळखीचा असतो, कोणासाठी हव्यात हे त्यास ठाऊक असते, तो पुडक्यातून दोन काढून हातावर ठेवतो. या व्यवहारात कोणाचाही हेतू वाईट नाही. पण मूल तेवढ्यात तीन गोष्टी शिकून घरी येते: ही वस्तू मीठ-साखरेसारखीच घरात लागणारी आहे, ती सुटी मिळते, आणि आपल्या हाती ती द्यावयास दुकानदार कां कूं करीत नाही. भजनाच्या बैठकीत तबक फिरते, तेव्हा ते पाहुण्यांपुढे नेण्याचा मान लहानग्याकडे असतो. विडा हा आपल्या देवघरातला आणि मंगलकार्यातला पदार्थ आहे; त्यातील नागवेलीच्या पानाशी आणि सुपारीशी जोडलेला भाव आम्हीही जाणतो. तंबाखूला मात्र या पंक्तीत कोणत्याही शास्त्राने पाट मांडलेला नाही. ती चारशे वर्षांची आगंतुक आहे, आणि तबकात तिची वाटी ठेवली नाही म्हणून कोणाच्या देवाचा कोप झाल्याचे ऐकिवात नाही.

मूल किती लवकर पाहते आणि किती पक्के लक्षात ठेवते, याविषयी १९९१ साली अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात एक चिमुकला पण बोलका प्रयोग झाला. तीन ते सहा वर्षांच्या २२९ मुलांपुढे निरनिराळ्या मालाची चिन्हे ठेवली आणि कोणते चिन्ह कशाचे ते जुळवावयास सांगितले. तेथील एका सिगारेटच्या जाहिरातीत उंटाचे एक व्यंगचित्र असे. सहा वर्षांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांनी तो उंट सिगारेटच्या चित्रापुढे नेऊन ठेवला. मिकी माऊस ओळखणारी मुलेही साधारण तेवढीच होती. तीन वर्षांच्या मुलांपैकीसुद्धा सुमारे तीस टक्क्यांनी तो ओळखला. पुष्कळ गदारोळ होऊन १९९७ साली कंपनीने तो उंट मागे घेतला.

अमेरिका दूर आहे म्हणावे, तर असा पुरावा आपल्या घरातही आहे, आणि तो जगापुढे मांडणारे गोव्याचेच होते. पणजीचे शल्यविशारद डॉ. शरद वैद्य यांनी आपल्या आयुष्याचा मोठा भाग तंबाखूविरोधी कार्यास वाहिला. १९९५ साली भारत आणि न्यूझीलंड यांच्यातील क्रिकेट मालिका ‘विल्स’च्या पुरस्काराने खेळली गेली, तेव्हा डॉ. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गोव्याच्या माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष १९९६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाले. सामने पाहिलेल्या मुलांत तंबाखू चाखून पाहणाऱ्यांचे प्रमाण न पाहिलेल्यांपेक्षा अधिक होते. सिगारेट ओढल्याने खेळ सुधारतो अशी समजूत करून घेतलेली मुलेही तीत सापडली. ज्या खेळासाठी फुप्फुसात दम लागतो, त्या खेळाच्या आडून फुप्फुसाचा वैरी मुलांच्या डोक्यात शिरत होता. गोव्याने १९९७ चा धूम्रपान व थुंकणे प्रतिबंधक कायदा केला, त्यामागे अशा कार्यकर्त्यांची तपश्चर्या होती. देशाचा कायदा त्यानंतर सहा वर्षांनी, २००३ साली आला. गुटख्यावर सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली गोव्याने बंदी घातली तीही २००५ साली, इतर बहुतेक राज्ये जागी होण्याच्या कितीतरी आधी. असा वारसा असलेल्या राज्याने आज मागे रेंगाळावे, याचे आम्हांस अधिक दुःख आहे.

सिगारेटच्या नावाचे क्रिकेट गेले. त्याच्या जागी काय आले ते दूरदर्शन संचापुढे बसणारे प्रत्येक घर जाणते. पानमसाल्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या छापांची वेलची विकण्यासाठी चित्रपटांतील बिनीचे नट दर षटकानंतर पडद्यावर येतात. इतक्या थाटामाटाने वेलची विकली जात असेल तर तिचे मळे केरळात मावेनासे व्हावयास हवेत! मोठ्यांना यातील गोम कळते. सहा वर्षांच्या मुलाला फक्त छाप कळते, आणि जॉर्जियातल्या त्या पोरांप्रमाणे ते ती अचूक जुळविते.

आता मुख्य प्रश्न: लवकर शिकवायचे हे मान्य केले, पण शिकवून उपयोग होतो काय? येथे उत्साही मंडळींना जरा आवरावे लागेल, कारण संशोधनाने या बाबतीत एक कडू घोट पाजलेला आहे. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९८४ पासून पंधरा वर्षे एक प्रचंड प्रयोग चालला. चाळीस शालेय जिल्हे, ८,३८८ विद्यार्थी. निम्म्या जिल्ह्यांत तिसरीपासून दहावीपर्यंत दरवर्षी वर्गात शिक्षकांनी धूम्रपानाविरुद्ध धडे दिले, तेही शास्त्रशुद्ध पद्धतीने, मित्रांच्या आग्रहाला नकार कसा द्यावा, जाहिरात कशी ओळखावी हे शिकवीत. मुले शाळा सोडून दोन वर्षे झाल्यावर मोजणी झाली. धडे मिळालेल्या आणि न मिळालेल्या मुलांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. २००० साली हा निकाल जाहीर झाला तेव्हा आरोग्यशिक्षण क्षेत्रातील अनेकांचे चेहरे पडले.

याउलट दिल्ली आणि चेन्नई येथील ३२ शाळांत २००४ ते २००६ या काळात झालेला ‘मैत्री’ हा प्रकल्प पाहावा. त्याच्या आरंभीच संशोधकांना एक धक्का बसला. आठवीच्या मुलांपेक्षा सहावीच्या मुलांत तंबाखू चाखलेल्यांचे प्रमाण अधिक निघाले: आठवीत ९.३ टक्के, तर सहावीत २४.८ टक्के. वय वाढते तशी सवय वाढते, हा नेहमीचा हिशेबच उलटा झाला. याचा एक अर्थ असा, की नवी पिढी जुन्या पिढीपेक्षा लवकर या वाटेला लागत आहे. या प्रकल्पात वर्गातले खेळ आणि चर्चा होत्या, पण त्या मुलांतल्याच निवडक पुढाऱ्यांनी चालविल्या. शाळेत भित्तिपत्रके लागली, पालकांच्या घरी पत्रे गेली, आणि शाळेबाहेर काय बदलावयास हवे यासाठी मुलांनी स्वतः आवाज उठविला. दोन वर्षांनी पाहिले तेव्हा, जेथे हा कार्यक्रम झाला नाही त्या शाळांत तंबाखूसेवन ६८ टक्क्यांनी वाढले होते; जेथे झाला तेथे ते १७ टक्क्यांनी घटले होते.

दोन्ही प्रयोगांची तुलना करताना तारतम्य राखले पाहिजे. एकाने पंधरा वर्षे वाट पाहिली, दुसऱ्याने दोन. दिल्लीची ती मुले पुढे कॉलेजात गेल्यावर काय झाले हा हिशेब निराळा. तरीही आमच्या मते यातून निघणारा बोध पुरेसा स्पष्ट आहे. मास्तर एकटे फळ्यासमोर उभे राहून बोलले आणि घर, दुकान, पडदा हे तिघे उलट बोलत राहिले, तर मास्तर हरतात. घराला पत्र गेले, शाळेच्या भिंती बोलू लागल्या, वर्गातलाच मित्र बोलू लागला, की पारडे फिरते. धडा लवकर हवा हे जितके खरे, तितकेच तो एकटा नको हेही खरे.

लहान मुलांच्या आरोग्यशिक्षणाचा विचार याच दृष्टीने व्हावा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ ठिकाणी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द आपल्या भाषेत रुळला. त्या योजनेच्या सहा सेवांत पोषण व आरोग्यशिक्षण ही एक सेवा पहिल्यापासून आहे. पण ते शिक्षण आयांसाठी, आणि मुलांच्या वाट्याला खिचडी व वजनकाटा. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तिसऱ्या वर्षापासूनची पाच वर्षे ही पायाभूत पायरी मानली आहे, आणि गोव्याने ती अंमलात आणावयास सुरुवातही केली आहे. पायाच्या या दगडांत आरोग्याचा एक दगड नीट बसविण्याची ही संधी आहे.

म्हणजे बालवाडीत कर्करोगाची चित्रे लावावयाची काय? मुळीच नाही. चार वर्षांच्या मुलाला सडलेला जबडा दाखविणे हा शहाणपणा नव्हे, क्रूरपणा आहे. आणि ज्याचे आजोबा विडी ओढतात ते मूल रात्री आजोबा मरणार म्हणून रडत बसेल. या वयाला भीतीची भाषा कळत नाही, सवयीची कळते. हात धुणे, दात घासणे, अनोळखी वस्तू तोंडात न घालणे, धूर आला की दूर सरणे, इतकेच पुरे. आपला श्वास कसा चालतो हे छातीवर हात ठेवून मुलाने अनुभवावे. धावल्यावर तो का वाढतो ते बाईंना विचारावे. तिसरी-चौथीत मात्र एक पायरी वर चढता येईल. जाहिरातीत वेलची का विकतात हे आठ वर्षांचे मूल ओळखू शकते, आणि आपल्याला कोणी फसवू पाहत आहे हे कळले की मुलाला जो राग येतो तो कोणत्याही शपथेपेक्षा टिकाऊ असतो. त्याच वयात त्याला नकार द्यावयासही शिकविले पाहिजे. आमच्या काही वाचकांना हे रुचणार नाही. ‘आजोबा, मी सिगारेट आणायला जाणार नाही’ असे नातवाने म्हणणे म्हणजे वडीलधाऱ्यांचा अवमान, असे त्यांस वाटेल. आम्हांस तसे वाटत नाही. वडिलांचा मान राखावा आणि त्यांची चूक राखू नये, ही दोन कामे एकाच वेळी करता येतात. फक्त आजोबांनी त्यावर डोळे न वटारता आपली काठी घेऊन स्वतः नाक्यापर्यंत जावे.

शिक्षकांविषयी बोलणे नाजूक आहे, पण टाळता येण्याजोगे नाही. बिहारमध्ये ७२ शाळांतील शिक्षकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांत शिक्षकांना तंबाखू सोडण्यासाठी वर्षभर मदत देण्यात आली: सहकाऱ्यांच्या बैठका, शाळेचे स्वतःचे तंबाखूविषयक धोरण, मुख्याध्यापकांचा पाठिंबा. कार्यक्रम संपला तेव्हा त्या शाळांतील तंबाखू खाणाऱ्या शिक्षकांपैकी निम्म्यांनी ती सोडलेली होती. इतर शाळांत १५ टक्क्यांनी. पुढे काही जण घसरले, तरीही नऊ महिन्यांनी, सहा महिने सलग तंबाखूला न शिवलेल्यांचे प्रमाण १९ आणि ७ टक्के असे राहिले. गोव्यातील बहुसंख्य शिक्षक निर्व्यसनी आहेत. जे नाहीत त्यांना परिपत्रक पाठवून लाजविण्यापेक्षा असा हात देणे हे अधिक फलदायी, आणि अधिक सभ्यही.

राहता राहिले दुकान. २००३ च्या केंद्रीय कायद्याच्या सहाव्या कलमान्वये अठरा वर्षांखालील कोणासही तंबाखूचे पदार्थ विकणे गुन्हा आहे, आणि शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत ते कोणालाही विकणे गुन्हा आहे. घरातल्या मोठ्यासाठी न्यावयास आलेल्या मुलाला विकणे हाही या कलमाचा भंगच होय. ‘बाबांसाठी नेतो’ ही सबब कायद्यात कोठेही लिहिलेली नाही. दंड मात्र दोनशे रुपयांपर्यंत. एवढ्या पैशांत आज पणजीत दोघांचे जेवणही होत नाही. २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७७ व्या कलमात मुलाला तंबाखू देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. दोनशे रुपये आणि सात वर्षे, या दोन टोकांच्या मध्ये अंमलबजावणीचे काय होते? पहिले इतके हलके की कोणी भीत नाही, दुसरे इतके जड की कोणी उचलीत नाही. २०१९ च्या सर्वेक्षणात सिगारेट ओढणाऱ्या मुलांपैकी ६९ टक्के मुलांनी ती दुकानातून, पानपट्टीवरून किंवा फेरीवाल्याकडून विकत घेतल्याचे सांगितले, आणि ४५ टक्के मुलांना वय पाहून कोणीही नकार दिलेला नव्हता. त्याच वर्षी इलेक्ट्रॉनिक सिगारेटवर देशभर बंदी आली. किनारपट्टीवरच्या राज्यात, जेथे जगभरचा पर्यटक आपल्या सवयी सामानासह घेऊन उतरतो, तेथे ती बंदी कागदावर राहू नये म्हणून जास्तच डोळ्यांत तेल घालावे लागेल.

गोवा लहान आहे, आणि हीच आपली सोय आहे. उत्तर प्रदेशला जे करावयास दहा वर्षे लागतील, ते आपल्याला दोन शालेय वर्षांत करता येण्यासारखे आहे. शिक्षण संचालनालयाने तिसरी-चौथीच्या परिसर अभ्यासात दहा-बारा तासिका या विषयाला राखून ठेवाव्यात, आणि त्या मास्तरांच्या भाषणाऐवजी खेळांनी व पाचवी-सहावीच्या मुलांच्या पुढाकाराने भराव्यात. महिला व बालविकास संचालनालयाने अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणात मिशेरीचा विषय घ्यावा. तो घरोघर पोहोचेल तर सेविकेच्याच तोंडून, मंत्र्यांच्या संदेशातून नव्हे. आरोग्य सेवा संचालनालयाने एक स्वतंत्र पाहणी हाती घ्यावी. राष्ट्रीय सर्वेक्षण विचारते ते तेरा ते पंधराच्या मुलांना, आणि दहाव्या वर्षीची गोष्ट त्यांच्या आठवणीतून काढते. गोव्याने पाचवी ते सातवीच्या मुलांनाच, नावे न घेता, विचारून पाहावे. त्यातून निघणारा आकडा कदाचित आपल्या प्रतिष्ठेला धक्का देईल. देऊ दे.

आणि एक अगदी साधी गोष्ट. २०१९ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शाळेपासून १०० यार्डांवर रस्त्यावर पिवळी रेषा आखावयाची असते, म्हणजे दुकानदाराला आणि पोलिसालाही हद्द कळावी. आपल्याकडे जून ते सप्टेंबर पाऊस कसा कोसळतो हे सांगावयास नको. रस्त्यावरचा रंग गणेश चतुर्थीपर्यंतही तग धरीत नाही. ती रेषा पुन्हा कोणी मारावयाची, पंचायतीने, सार्वजनिक बांधकाम खात्याने की शाळेच्या पालक-शिक्षक संघाने, आणि त्या रंगाचे पैसे कोणत्या खात्यातून यावयाचे, एवढे तरी पुढच्या ३१ मेच्या शपथविधीआधी ठरवून टाकावे.